बालगृहातील वर्तन : शिक्षेकडून उपचाराकडे

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये बालगृहे, खुली निवारागृहे, निरीक्षणगृहे, विशेष गृहे, सुरक्षित स्थाने, विशेष दत्तक संस्था व योग्य सुविधा या सर्वांसाठी ‘बाल संगोपन संस्था’ ही एकत्रित संज्ञा वापरण्यात आली आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१६-१७ मध्ये करविलेल्या देशव्यापी पाहणीत अशा ९,५८९ संस्था व गृहे आणि त्यांत राहणारी सुमारे ३ लाख ७७ हजार मुले आढळून आली. त्यांपैकी विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली वा तो सिद्ध झालेली मुले साडेसात हजारांच्या आत होती. उरलेली सर्व मुले ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली’ या वर्गातील होती. संस्थेत राहणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव मुलांवर कसलाही आरोप नव्हता. ती हरवलेली, टाकून दिलेली, घरातील मारहाणीला कंटाळून निघालेली, कामावरून सोडविलेली किंवा आईवडिलांपैकी कोणीच सांभाळू न शकलेली मुले होती.

हे प्रमाण ठाऊक असूनही संस्थेतील दिनक्रम मात्र बऱ्याच ठिकाणी आरोपीसाठी आखल्यासारखा असतो. पहाटेची घंटा, रांग, हजेरी, जेवताना मौन, नियम मोडल्यास खेळ बंद. त्याची मुळे इतिहासात आहेत. भारतातील मुलांविषयीच्या कायद्यांचा आरंभ १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने झाला. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. पुढे १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनी ही व्यवस्था देशभर रुजविली. मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी स्वतंत्र बाल अधिनियम केले, तेव्हा निराधार मूल आणि गुन्हा केलेले मूल यांच्यासाठी पुष्कळदा एकच इमारत आणि एकच शिस्त होती. कायद्यातील शब्द बदलले, तरी महाराष्ट्रात अजूनही बोलण्यात ‘रिमांड होम’च येते. जुने नाव सहज जात नाही, आणि त्या नावाबरोबर येणारी वागणूकही सहज जात नाही.

संस्थेतील मुलांच्या वर्तनाकडे उपचारात्मक दृष्टीने पाहावे, हा विचार या वारशाला छेद देणारा आहे. त्याचा अर्थ प्रत्येक संस्थेत एक समुपदेशक नेमावा आणि ‘त्रासदायक’ मूल आठवड्यातून एकदा त्याच्याकडे पाठवावे, इतकाच घेतला जातो. तो अपुरा आहे. समुपदेशकाच्या खोलीत मूल आठवड्यातून फार तर एक तास असते. उरलेले तास ते गृहमातेबरोबर, स्वयंपाकिणीबरोबर, रात्रीच्या काळजीवाहकाबरोबर आणि इतर मुलांबरोबर काढते. बरे होणे वा आणखी बिघडणे प्रामुख्याने त्याच तासांत घडते.

वर्तन हा पुरावा असतो

एक काल्पनिक पण नेहमीच्या अनुभवातील उदाहरण घेता येईल. रेल्वे स्थानकावर सापडलेला दहा वर्षांचा मुलगा बाल कल्याण समितीपुढे हजर केला जातो व समितीच्या आदेशाने बालगृहात येतो. पंधरवड्यात लक्षात येते, की तो जेवणातील पोळ्या खिशात घालून नेतो व उशीखाली दडवितो. पोळ्यांना बुरशी येते, मुंग्या लागतात, शेजारच्या खाटेवरची मुले तक्रार करतात. विचारले तर तो साफ नाकारतो. हातात पोळी धरून दाखविली तरी नाकारतो.

शिस्तीच्या चौकटीत हे वर्तन म्हणजे चोरी, त्यावर खोटे बोलणे आणि वर उद्धटपणा. त्यावर उपाय ठरलेला असतो. सर्वांसमोर खाट उलटी करून दाखवायची, दोन दिवस खेळ बंद करायचा, घरी फोन असेल तर तोही बंद करायचा. पोळ्या उशीखालून नाहीशा होतात आणि काही दिवसांनी न्हाणीघराच्या कौलाखाली सापडतात. मुलगा आता अधिक सावध झालेला असतो. बाकी काही बदललेले नसते.

उपचारात्मक चौकटीत पहिला प्रश्न वेगळा असतो. या कृतीचा मुलाला कोणता उपयोग होतो? स्थानकावर महिनोन् महिने काढलेल्या मुलाला एकच नियम अनुभवाने शिकविलेला असतो : आज अन्न मिळाले म्हणून उद्या मिळेलच असे नाही. त्या जगात अन्न दडविणे हे शहाणपण होते; किंबहुना त्या शहाणपणावरच तो जगला. बालगृहात आल्यावर परिस्थिती बदलली, हे मोठ्यांना ठाऊक असते. त्याच्या शरीराला ते अजून ठाऊक नसते. खोटे बोलण्याचेही तसेच. खरे बोलल्यावर मार मिळाला, असा अनुभव गाठीशी असलेले मूल पुराव्यासमोरही नाकारते, कारण नाकारणे हाच त्याला माहीत असलेला एकमेव आडोसा असतो.

मग करावयाचे काय? गृहमाता त्याला एक झाकणाचा डबा देऊ शकते. त्यात चुरमुरे, फुटाणे, गूळ असे न बिघडणारे काही ठेवावे, तो त्याच्या खाटेपाशी राहावा आणि रिकामा झाला की न मागता भरला जावा. पोळी मात्र स्वयंपाकघरातच राहील, कारण तिला बुरशी येते, हे त्याला एकांतात सांगावे. नियम शिल्लक राहतो, अपमान टळतो. डबा सुरुवातीला दिवसातून दोनदा रिकामा होईल. काही आठवड्यांनंतर तो भरलेलाच राहू लागला, तर शिक्षेने न घडलेली गोष्ट घडली असे समजावे. मुलाला उद्याचा भरवसा वाटू लागलेला असतो.

हाच तर्क इतर वर्तनांना लावता येतो, पण यांत्रिकपणे नव्हे. अंथरूण ओले करणारी आठ वर्षांची मुलगी, पाहुणा दिसताच त्याच्या मांडीवर जाऊन बसणारे चार वर्षांचे मूल, ब्लेडने हातावर रेघा ओढणारी पंधरा वर्षांची किशोरी, वारंवार पळून जाणारा मुलगा यांच्या वागण्यामागे एकच एक कारण नसते. अनोळखी माणसाला लगेच बिलगणे ‘लाघवीपणा’ म्हणून कौतुकाचा विषय होते. प्रत्यक्षात ते कोणाशीच स्थिर नाते न जुळल्याचे लक्षण असू शकते. उलट अगदी गप्प, आज्ञाधारक मुलाबद्दल संस्थेत कोणाचीच तक्रार नसते, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. कधी कारण साधे असते : ओडिशातून कामासाठी आणलेला मुलगा तमिळनाडूतील गृहात ‘ऐकत नाही’ असा शेरा मिळवितो, कारण त्याला सांगितलेले समजतच नाही. उपचाराचा विचार करण्यापूर्वी दुभाषा शोधावा, हे अशा वेळी कोणाला सुचतेच असे नाही.

विचारपरंपरा

या दृष्टिकोनाचा एक आरंभबिंदू पहिल्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रियात सापडतो. ऑगस्ट आयकहॉर्न यांनी ओबरहोलाब्रुन येथील संस्थेत अतिशय आक्रमक मुलांचा एक वेगळा गट केला आणि त्यांच्या हिंसेला प्रतिहिंसेने उत्तर द्यावयाचे नाही, असे कर्मचाऱ्यांना सांगितले. सुरुवातीला मोडतोड वाढली. मोठ्यांकडून अपेक्षित असलेला मार मिळेनासा झाल्यावर मुलांचा आवेश ओसरू लागला. हा अनुभव त्यांनी १९२५ मधील ग्रंथात मांडला; त्याला सिग्मंड फ्रॉइड यांची प्रस्तावना आहे.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये सादर केलेल्या अहवालात बालपणी आईशी वा तिच्या जागी असलेल्या व्यक्तीशी स्थिर व उबदार नाते असणे हे मानसिक आरोग्याला आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. त्यातून पुढे अनुबंधाचा सिद्धांत विकसित झाला. त्याच वर्षी फ्रिट्झ रेडल व डेव्हिड वाइनमन यांनी अमेरिकेतील डेट्रॉइट येथील आपल्या निवासी प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले. रेडल यांच्या कामातील सर्वांत उपयुक्त कल्पना अशी, की मुलाशी बोलणे हे घटनेच्या जागी आणि घटनेच्या वेळेनजीक, त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाने करावे. कार्यालयात बोलावून नंतर केलेली चौकशी मुलाला शिक्षेचाच भाग वाटते. भारतात बालमार्गदर्शनाचे काम त्याही आधी सुरू झाले होते. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणसंस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडले. मात्र हे ज्ञान शहरी चिकित्सालयांतच राहिले. बालगृहांच्या दिनक्रमात ते फारसे उतरले नाही.

अलीकडच्या संशोधनाने या विचाराला मोजमापाचा आधार दिला. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील अभ्यासात साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती तपासण्यात आली. बालपणी छळ, घरातील हिंसा, व्यसनाधीनता यांसारखे अनुभव जितके अधिक, तितका पुढील आयुष्यात नैराश्य, व्यसन व शारीरिक आजार यांचा धोका अधिक, असा संबंध त्यात दिसून आला. २००० पासून रुमानियाच्या राजधानीत सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात संस्थांतील १३६ लहान मुलांपैकी काहींना चिठ्ठीपद्धतीने प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले व उर्वरित मुले नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि मूल जितक्या लहान वयात कुटुंबात गेले तितका लाभ अधिक दिसला.

सतत धोक्यात वाढलेल्या मुलाची ताण-यंत्रणा सदैव सज्ज राहते. दार आपटल्याचा आवाज, कोणी अचानक खांद्यावर ठेवलेला हात, वरच्या पट्टीतील हाक यांनी ती क्षणात पेटते. अशा क्षणी ‘असे का वागलास?’ या प्रश्नाचे उत्तर मूल देऊ शकत नाही. विचार करणारी क्षमता त्या क्षणी मागे पडलेली असते. आधी शांत होणे, मग बोलणे, हा क्रम त्यामुळे केवळ सौजन्याचा राहत नाही.

कायद्यात काय आहे

स्पर्धापरीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आणि बहुधा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा असा, की भारतीय कायद्याने हा दृष्टिकोन आधीच स्वीकारलेला आहे. २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ३ मधील मूलतत्त्वांत बालकाची प्रतिष्ठा, सहभाग, सर्वोत्तम हित यांच्याबरोबर कलंक लावणारी भाषा न वापरण्याचे तत्त्वही आहे. ‘चोर’, ‘पळपुटा’, ‘बिघडलेली’ हे नोंदवहीतील शेरे या तत्त्वाशी विसंगत ठरतात. कलम ५३ मध्ये संस्थेने द्यावयाच्या सेवांत बालकाच्या गरजेनुसार समुपदेशनासह मानसिक आरोग्यविषयक हस्तक्षेपाचा समावेश आहे. त्याच कलमानुसार सहा वर्षांवरील मुलांच्या संस्थेत बालसमित्या स्थापन करणे अपेक्षित आहे.

कलम ८२ शारीरिक शिक्षेसंबंधी आहे. शिस्त लावण्याच्या हेतूने मुलाला शारीरिक शिक्षा देणाऱ्या संस्थेतील व्यक्तीस पहिल्या दोषसिद्धीनंतर दहा हजार रुपये दंड आणि त्यानंतरच्या प्रत्येक अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास वा दंड वा दोन्ही, अशी तरतूद आहे. येथे ‘शिस्तीच्या हेतूने’ हे शब्द निर्णायक आहेत. हेतू चांगला होता, हा बचाव कायद्यानेच काढून घेतलेला आहे. याहून गंभीर क्रौर्यासाठी कलम ७५ लागू होते; संस्थेतील कर्मचाऱ्याच्या बाबतीत त्याखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

२०१६ च्या आदर्श नियमांतील मानसिक आरोग्यविषयक नियम ३५ मुळातून वाचण्याजोगा आहे. संस्थेचे वातावरण छळमुक्त असावे, मुलाला आपल्या परिस्थितीशी जुळवून घेता यावे व त्याचा आत्मविश्वास परत यावा, असे तो सांगतो. मुलांच्या संगोपनात सहभागी असलेल्या सर्वांनी असे वातावरण निर्माण करण्यात वाटा उचलावा, असेही त्यात नमूद आहे. वैयक्तिक उपचाराबरोबर वातावरणाधारित हस्तक्षेप प्रत्येक मुलासाठी अनिवार्य मानला आहे. मुलाच्या क्षमता शोधल्या जाव्यात, त्याला निवडीची संधी मिळावी, आपल्या आयुष्याविषयी ठरविता यावे आणि कटू अनुभवांपलीकडची ओळख घडावी, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. नियमाच्या भाषेत इतकी मानसशास्त्रीय जाण क्वचितच आढळते. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या मूल्यमापनाशिवाय व निदानाशिवाय मानसिक आजारावरील औषध कोणत्याही मुलाला देऊ नये, आणि औषध देण्याचे काम प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यानेच करावे, हेही त्याच नियमात येते. गडबड करणाऱ्या मुलाला झोपविण्यासाठी गोळी, हा मार्ग त्यामुळे बंद होतो.

भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार या तरतुदींच्या पाठीशी आहे. त्याला पूरक म्हणून २००९ मध्ये आमसभेने पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मुलाची कुटुंबीयांशी होणारी भेट वा संपर्क यावर शिक्षा म्हणून कधीही निर्बंध घालू नयेत, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. ‘गुण’ जमविणाऱ्या मुलालाच घरी फोन करू देणारी बक्षीसपद्धती वरवर आधुनिक वाटते, पण ती या तत्त्वाच्या विरुद्ध आहे. आईचा आवाज हे बक्षीस असू शकत नाही.

दिनक्रमात उतरताना

नियम ३५ कागदावरून संस्थेत उतरविताना पहिला बदल वेळापत्रकात करावा लागतो. संस्था चालविणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते, की भांडणे आणि रडारड यांची दाटी दिवेलागणीनंतर होते. दिवसाची शाळा व खेळ संपलेले असतात, कर्मचारी बदलत असतात, अंधार पडत असतो. पुष्कळ मुलांवरील अत्याचार पूर्वी याच वेळी झालेले असतात. नेमक्या याच वेळी सर्वांत कमी माणसे कामावर ठेवणे आणि त्यांनाच सर्वांत कमी प्रशिक्षण देणे, ही नियोजनातील मोठी उणीव होय. रात्रीच्या काळजीवाहकाला दिवसभरात काय घडले, कोणाच्या घरून कोणी आले नाही, कोणाची न्यायमंडळापुढे तारीख होती, हे पाच मिनिटांच्या सांगण्यातून कळले, तर मध्यरात्रीचे पुष्कळ प्रसंग उद्भवतच नाहीत.

सणांचेही असेच आहे. दिवाळी, ईद, पोंगल वा नाताळच्या सुटीत काही मुले घरी जातात. ज्यांना घर नाही ती मागे राहतात. त्या आठवड्यात त्यांचे वागणे बिघडते, आणि ते परतलेल्या मुलांशी भांडतात. देणगीदारांनी आणलेली मिठाई त्यावर उतारा नसतो. जाणाऱ्यांइतकाच राहणाऱ्यांचाही आठवडा आधीपासून आखलेला असावा लागतो.

दुसरा बदल माणसांच्या बाबतीत. मुलाचा विश्वास ‘संस्थे’वर बसत नाही, तो एका विशिष्ट व्यक्तीवर बसतो. गृहमाता सारख्या बदलत राहिल्या, कंत्राटाची मुदत संपताच निघून गेल्या, तर मुलाच्या दृष्टीने ती पुन्हा एकदा आई जाण्याचीच घटना असते. म्हणून काळजीवाहकाचे वेतन, सुट्ट्या व नोकरीची स्थिरता हा आस्थापनेइतकाच उपचाराचाही विषय आहे. कमी पगारावर, बारा तासांच्या पाळीत, तीस-चाळीस मुलांना सांभाळणाऱ्या बाईने प्रत्येक वेळी शांतपणे बोलावे, ही अपेक्षा तिच्यावरही अन्याय करणारी आहे. मुलांच्या कहाण्या ऐकून, त्यांचा राग अंगावर घेऊन कर्मचाऱ्यांनाही मानसिक थकवा येतो. त्यांना बोलण्यासाठी जागा व मार्गदर्शन नसेल, तर आवाज चढतो आणि पुढे हात उठतो. बंगळूरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या साहाय्याने २०२० पासून ‘संवाद’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. बालसंरक्षण, मानसिक आरोग्य, शिक्षण व न्याय या क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांची क्षमता वाढविणे हे त्याचे प्रमुख काम आहे.

उपचारात्मक म्हणजे सैल, असा एक गैरसमज संस्थांत प्रचलित आहे. ‘मग मुले डोक्यावर बसतील’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येते. त्यात तथ्य इतकेच, की आघात सोसलेल्या मुलाला ठरलेल्या मर्यादांची गरज इतरांपेक्षा अधिक असते. ज्या घरात केव्हा काय होईल याचा नेम नव्हता, तेथून ते आलेले असते. जेवणाची वेळ चुकत नाही, दिलेला शब्द पाळला जातो, कोणी कोणाला मारत नाही आणि मारले तर मोठे मध्ये पडतात, ही निश्चितता हाच त्याच्यासाठी पहिला औषधोपचार असतो. शिक्षा आणि परिणाम यांतील भेद येथे उपयोगी पडतो. मुलाने रागात काच फोडली, तर शांत झाल्यावर त्याने मोठ्यांच्या मदतीने ती जागा साफ करणे, नवी काच बसविताना हातभार लावणे, हा कृतीशी जोडलेला परिणाम होय. त्यासाठी त्याला जेवणाशिवाय ठेवणे वा खोलीत कोंडणे याचा काचेशी काहीही संबंध नसतो. मुलाला त्यातून फक्त बळाचा धडा मिळतो.

सावधगिरी

‘उपचार’ या शब्दात संरक्षणाची हमी नसते. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ऑर्थोजेनिक स्कूलचे १९४४ ते १९७३ या काळात संचालक असलेले ब्रुनो बेटेलहाइम हे वातावरणाधारित उपचाराचे जगप्रसिद्ध पुरस्कर्ते होते. १९९० मध्ये त्यांच्या निधनानंतर तेथील काही माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर मारहाणीचे व अपमानाचे आरोप केले. सिद्धांत उदात्त आणि संस्थाप्रमुख निरंकुश असला, की मुलाच्या तक्रारीलाही ‘लक्षण’ ठरविता येते. म्हणूनच बाहेरची तपासणी, बालसमिती, तक्रारपेटी व बाल कल्याण समितीच्या भेटी यांना उपचार हा पर्याय ठरू शकत नाही. बिहारमधील मुझफ्फरपूर येथील बालिकागृहातील अत्याचार २०१८ मध्ये उघड झाले, ते राज्य शासनाने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाकडून करविलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. त्या प्रकरणात दिल्लीतील न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एकोणीस जणांना दोषी ठरविले. त्या मुलींचे ‘वर्तन’ सुधारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे म्हणणे ऐकणारे कोणी आत नव्हते.

दुसरी सावधगिरी अधिक सूक्ष्म आहे. बालगृह जितके चांगले होईल, तितके मुलाला तेथेच ठेवणे सोयीचे वाटू लागते. कलम ३ मध्ये मात्र संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. बुखारेस्टचा अनुभवही त्याच दिशेने बोट दाखवितो. २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना निघालेल्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रायोजकत्व, प्रतिपालकत्व व अनुरक्षण यांसाठी दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली. केवळ गरिबीमुळे संस्थेत आलेल्या मुलाच्या बाबतीत त्याच्या आईला दिलेले असे साहाय्य हाच अधिक परिणामकारक ‘उपचार’ ठरू शकतो. समुपदेशकाने मुलाला विरह सहन करायला शिकवायचे आणि विरह टाळता आला असता याकडे कोणी पाहायचे नाही, असे घडता कामा नये.

वैयक्तिक संगोपन आराखडा

या सर्व विचारांना एकत्र आणणारे साधन कायद्यात उपलब्ध आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत तयार व्हावा आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी तरतूद कलम ३६ मध्ये आहे. आदर्श नियमांतील नमुना क्रमांक ७ हा वैयक्तिक संगोपन आराखड्याचा आहे. आरोग्य व पोषण, भावनिक व मानसिक गरजा, शिक्षण, खेळ व विरंगुळा, छळापासून संरक्षण, कुटुंबात परत जाणे व त्यानंतरचा पाठपुरावा हे त्याचे विषय आहेत. तो मुलाशी विचारविनिमय करून तयार करावयाचा आहे. पहिले तीन महिने दर पंधरवड्यास आणि नंतर दरमहा त्यात प्रगतीची नोंद अपेक्षित आहे.

प्रत्यक्षात अनेक फाइलींत हे आराखडे एकमेकांची नक्कल असतात. ‘मूल शांत आहे, नियम पाळते’ हे वाक्य महिनोन् महिने तसेच उतरविले जाते. वर दिलेल्या उदाहरणातील मुलाच्या आराखड्यात ‘पोळ्या चोरतो’ असे लिहिले, तर पुढच्या कर्मचाऱ्याला काय करावे ते कळणार नाही. ‘भुकेची भीती, खाटेपाशी डबा ठेवला आहे, गृहमातेशी रात्री बोलतो, गावाचे नाव अर्धवट सांगतो, त्याची भाषा भोजपुरी असावी’ असे लिहिले, तर त्यात उपचारही येतो आणि घराचा मागही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला त्या अर्धवट नावावरून गाव शोधता येते. घर सापडले, तर डबा त्याच्याबरोबर द्यावयाचा की नाही, हेही त्यालाच विचारता येईल. घर सापडले नाही व मूल अठरा वर्षांपर्यंत संस्थेतच राहिले, तर कलम ४६ खाली एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठीच्या तयारीची नोंदही याच आराखड्यात, अठराव्या वाढदिवसाच्या पुष्कळ आधीपासून, सुरू व्हावी लागते.